ताळा

माझ्या टाचणवहीत ‘अध्ययन निष्पत्ती’ नावाचा एक रकाना आहे. दर वर्षी शाळा उघडायच्या सुमारास तो भरावा लागतो. इयत्ता अकरावी, विज्ञान शाखा, विषय गणित. त्रिकोणमिती: विद्यार्थी कोणत्याही कोनाच्या त्रिकोणमितीय फलांच्या किमती काढतो, नित्यसमानता सिद्ध करतो, आलेख काढतो. श्रेढी: विद्यार्थी गुणोत्तर श्रेढीच्या पदांची बेरीज करतो. संमिश्र संख्या: विद्यार्थी वर्गसमीकरणाची संमिश्र मुळे शोधतो. काढतो, करतो, शोधतो. वीसहून जास्त वर्षं मी ही क्रियापदं लिहीत आलो आहे. त्यांच्यावर माझा राग नाही. ही कामं पोरांना आलीच पाहिजेत आणि ती यावीत म्हणून मी घसा कोरडा करतो. तरी रकाना भरून पेनाला टोपण लावताना दर वर्षी वाटतं, एक ओळ राहिली.

ती ओळ मी चौथीत शिकलो होतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शाळेत तेव्हा दोनच गुरुजी होते. चौथीचे गुरुजी भागाकार घालायचे आणि पाटी समोर नेली की उत्तराकडे बघायचेच नाहीत. पाटीच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवायचे. तिथं ताळा असला पाहिजे: भाजक गुणिले भागाकार, त्यात बाकी मिळवायची, आलं पाहिजे भाज्य. एकदा मी विचारलं, ‘गुरुजी, बरोबर हाय का?’ ते म्हणाले, ‘मले कायले इचारतं? ताळ्याले इचार.’

त्या वयात ते वाक्य मला रागाचं वाटलं होतं. घरी मात्र त्याची दुसरी बाजू रोज दिसायची. बाबा पाच एकर कोरडवाहूचे कास्तकार. कापूस विकून आले की खिशातून घडी केलेली चिठ्ठी काढायचे आणि आईच्या हातावर पैसे ठेवायचे. वजन किती भरलं, कट किती धरला, भाव काय लावला, सगळं त्या चिठ्ठीत लिहिलेलं. बाबांना वाचता येत नव्हतं. आईनं विचारलं की म्हणायचे, ‘लिवलं असन बरोबरच.’ तो ‘असन’ माझ्या कानात अजून आहे. ज्या माणसाच्या हिशेबाला ताळाच नाही, त्याला आयुष्यभर ‘असन’ म्हणत राहावं लागतं.

अकरावीला माझ्याकडं येणारी पोरं बहुतेक मराठी माध्यमातली. दहावीपर्यंत ‘उन्नत कोन’ म्हणत आलेली असतात, जूनमध्ये एकदम ‘अँगल ऑफ एलिव्हेशन’ समोर येतो. विज्ञान शाखेचं पुस्तक इंग्रजी, पेपर इंग्रजी. पहिल्या महिन्यात वर्गात जी शांतता असते ती समजल्याची नसते. एका पोरानं मला खरंच विचारलं होतं, ‘सर, साइन म्हणजे सही ना? मग कोनाची सही कशी?’ वर्ग हसला. मी त्या पोराला जवळ बोलावलं आणि तो तास सगळा त्या एका शब्दावर घालवला.

त्याचं मूळ संस्कृतातल्या ‘ज्या’ या शब्दात. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा एक तुकडा धनुष्यासारखा धरा, त्याची दोन टोकं जोडणारी रेघ म्हणजे ज्या. त्या दोरीचा अर्धा भाग म्हणजे अर्धज्या, आणि पुढे बोलता बोलता तिलाच नुसतं ज्या किंवा जीवा म्हणू लागले. अरबी पंडितांनी ‘जीवा’चं ‘जिबा’ केलं. त्या लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, म्हणून पुढे कुणी ते ‘जैब’ असं वाचलं. जैब म्हणजे वस्त्राची घडी, हिंदीतला ‘जेब’ तोच. मग लॅटिनवाल्यांनी त्या घडीचं भाषांतर ‘सायनस’ केलं आणि त्यातून निघाला साइन. म्हणजे परका म्हणून ज्या शब्दाला पोरं घाबरत होती तो इथूनच निघालेला, मोठा फेरा मारून वेगळे कपडे घालून परत आलेला.

त्याच तासाला मी आर्यभटाची ज्यासारणी फळ्यावर मांडतो. इ.स. ४९९ मधलं ‘आर्यभटीय’. पावणेचार-पावणेचार अंशांनी पुढे जात नव्वद अंशांपर्यंत २४ ज्या, आणि वर्तुळाची त्रिज्या ३,४३८ धरलेली. आर्यभट ज्या सांगत नाही, एका ज्येतून पुढच्या ज्येत किती भर पडते तेवढं सांगतो: २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५, १९९. हे पहिले आठ आकडे. पोरांना बेरीज करायला लावतो. येते १,७१९. आठ वेळा पावणेचार म्हणजे ३० अंश, आणि ३० अंशांचा साइन अर्धा हे त्यांनी दहावीत पाठ केलेलं असतं. ३,४३८ चे निम्मे किती? वर्ग क्षणभर गप्प होतो. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, ‘जुळलं सर.’ दीड हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचं गणित आपल्या वहीत तपासता येतं आणि ते जुळतं, हे कळलेल्या पोराचा चेहरा मी दर वर्षी बघतो. त्याचा मला कंटाळा आलेला नाही.

पण ताळा म्हणजे फक्त हातचा विसरला का हे बघणं असतं तर ते चौथीतच संपलं असतं. अकरावीच्या बीजगणितात त्याचा खरा कस लागतो, कारण इथं प्रत्येक पायरी बरोबर असूनही उत्तर चुकीचं निघू शकतं. एक साधं उदाहरण मी हमखास घेतो. एका संख्येत सहा मिळवून वर्गमूळ काढलं, तर तीच संख्या मिळते. कोणती? वर्गमूळ घालवायला दोन्ही बाजूंचा वर्ग करायचा. वर्गसमीकरण येतं, अवयव पडतात, उत्तरं दोन: ३ आणि उणे २. पोरं दोन्हींच्या खाली दोन-दोन रेघा मारतात. आता टाका परत मूळ प्रश्नात. ३ अधिक ६ बरोबर ९, वर्गमूळ ३, ठीक. उणे २ अधिक ६ बरोबर ४, त्याचं वर्गमूळ २. उणे २ नव्हे.

मग हे उणे २ आलं कुठून? पोरं वही पुन्हा पुन्हा चाळतात. कुठंच चूक सापडत नाही, आणि खरंच चूक नसते. वर्ग करताना उणे-अधिकचा भेद पुसला गेला, त्या वाटेनं हे उपरं उत्तर आत शिरलं. वापरलेल्या रीतीनंच ते आणलेलं असतं. लॉगरिदमच्या समीकरणातही असंच होतं, छेदात चल असला तरी होतं. पुस्तकात याला एक ओळ दिलेली असते, मी दोन तास देतो. रीत पाळली म्हणजे सत्य हाती लागलं असं होत नाही, जिथून निघालो तिथं परत जाऊन विचारावं लागतं. ज्या पोराला हे एकदा मनापासून पटलं त्याचं पुढे मार्कांत काय होईल याची मी फार चिंता करत नाही.

आता टाकीची गोष्ट.

गावाबाहेर पाण्याची उंच टाकी आहे. त्रिकोणमितीचा दुसरा घटक संपत आला की मी पोरांना तिथं नेतो. कोनमापक उलटा धरायचा, त्याच्या सरळ कडेला रिफिल संपलेल्या पेनाची नळी चिकटवायची, मध्यबिंदूतून दोरा सोडायचा आणि दोऱ्याच्या टोकाला सायकलचा एक नट बांधायचा. नळीतून टाकीची वरची कड बघायची, दोरा ज्या आकड्यावर स्थिरावेल तो नव्वदातून वजा करायचा, झाला उन्नत कोन. टाकीभोवती कुंपण आहे, बुडापर्यंत जाता येत नाही. म्हणून दोन ठिकाणांहून कोन घ्यायचे आणि त्या दोन ठिकाणांमधलं अंतर टेपनं मोजायचं.

एका वर्षी पहिल्या गटानं जवळून ५० अंश आणि १० मीटर मागं सरकून ३५ अंश घेतले. दोन्हींचे कोटँजंट काढले, ०.८३९ आणि १.४२८, फरक ०.५८९. दहा भागिले हा फरक म्हणजे जवळपास १७ मीटर. नळी जिच्या डोळ्याला लावली होती ती मुलगी बुटकी, तिचा डोळा जमिनीपासून १.४ मीटरवर. एकूण १८.४. दुसऱ्या गटानं तिथंच उभं राहून मोजलं आणि त्यांचं उत्तर आलं १६.९. दोन्ही गट भांडत माझ्याकडं आले. ‘सर, बरोबर उत्तर किती?’

मला माहीत नव्हतं. टाकीवर बांधकामाचं वर्ष होतं, उंची नव्हती. शिक्षकाला उत्तर माहीत असतंच अशी पोरांची खात्री असते, आणि तोवर माझ्याकडून ती कधी मोडलीही नव्हती. मी खरं सांगितलं. ते गोंधळले. मग बसलो सगळे बाभळीच्या सावलीत आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. एकच फरक सापडला. दूरच्या जागी पहिल्या गटानं दोरा ५५ वर वाचला होता, दुसऱ्यानं ५६ वर. वारा होता, नट हलत होता. एका अंशाच्या फरकानं टाकी दीड मीटरनं बुटकी झाली होती. हे मी फळ्यावर कितीदा सांगितलं असतं तरी त्यांना तसं लागलं नसतं.

पण ५५ की ५६? पुन्हा मोजलं, दोरा थांबेना. तेवढ्यात एक पोरगा कुंपणाला नाक लावून उभा राहिला. वर्गात तो फार बोलत नाही. टाकीला बाहेरून लोखंडी शिडी आहे, बुडापासून कडेपर्यंत. तो कपाळावर हात धरून खालून वर, ओठ हलवत पायऱ्या मोजत होता. एकदा मोजल्या, दुसऱ्यांदा मोजल्या. तिसऱ्यांदा दुसऱ्या एकाला सोबत घेऊन मोजल्या. मग पाणी सोडणाऱ्या माणसाला विचारून आत गेला आणि कंपासपेटीतल्या पट्टीनं खालच्या दोन पायऱ्यांमधलं अंतर घेतलं. बरोबर एक फूट. पायऱ्या ६०. साठ फूट म्हणजे १८.३ मीटर.

तो माझ्याकडं आला आणि नुसतं ‘पंचावन्न’ म्हणाला.

हिंगणघाटला माझी थोरली बहीण दिली आहे. तिच्याकडं कितीदा गेलो असेन, कापसाच्या गाड्यांच्या रांगांतून वाट काढत. त्या गावच्या मातीत कोण निजला आहे ते मात्र मला पस्तिशी उलटल्यावर कळलं. विल्यम लॅम्बटन. यानं १८०२ मध्ये मद्रासजवळ साडेसात मैलांची एक रेषा जमिनीवर साखळीनं मोजली आणि तिथून भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. एक बाजू प्रत्यक्ष मोजलेली, पुढे फक्त कोन. एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर नजर, त्रिकोणाला त्रिकोण जोडत दक्षिणेकडून उत्तरेकडं. अर्ध्या टनाचं ते कोन मोजायचं यंत्र माणसांनी डोंगरांवर चढवलं. वीस वर्षांनी हा माणूस विदर्भात पोचला आणि जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टकडं गेलं. त्याच मोजणीच्या कचेरीत राधानाथ सिकदर यांनी १८५२ मध्ये पंधराव्या शिखराच्या, म्हणजे आजच्या माउंट एव्हरेस्टच्या, उंचीचा हिशेब केला. १८५६ मध्ये आकडा जाहीर झाला, २९,००२ फूट. आज ते शिखर ८,८४८.८६ मीटर धरतात. शंभराहून अधिक मैलांवरून, पायथ्याशीही न जाता काढलेल्या उत्तरात जेमतेम ९ मीटरचा फरक.

पोरांना मी हे सगळं सांगतो, पण माझा जीव अडकतो तो एका बारक्या गोष्टीत. शेकडो मैल त्रिकोण जोडत गेल्यावर ही माणसं पुन्हा एखाद्या सपाट जागी थांबत. तिथं नवी रेषा परत जमिनीवर, फूट-फूट, प्रत्यक्ष मोजत. त्रिकोणांनी सांगितलेली लांबी आणि हातानं मोजलेली लांबी जुळते का बघत. अशा रेषेला त्यांच्याकडं नावच होतं, पडताळ्याची रेषा. आमच्या पोरानं मोजलेली शिडी ती हीच.

यातलं शेतात काय कामी येणार, असं पालक विचारतात. वर्गात चाळीस-पंचेचाळीस पोरं. त्यातली दोन-तीन इंजिनिअरिंगला जातात, काही आयटीआयला, बरीच पोलीस भरतीच्या मैदानावर पळतात, आणि काही मुलींची लग्नं बारावीचा निकाल लागायच्या आत ठरतात. म्हणून कुणी सल्ला देतं की सगळं गणित शेतीशी जोडून शिकवा. मी पुष्कळ जोडतो. एकरात झाडं किती बसतील, हे मी कपाशीवरूनच सांगतो: ४३,५६० चौरस फुटांना दोन ओळींतल्या आणि दोन झाडांतल्या अंतरानं भागा, अंतर कमी-जास्त करत आलेख काढा. पण संमिश्र संख्यांना मला अजून वावरातलं उदाहरण सापडलेलं नाही, आणि ते सापडलंच पाहिजे असं मी आता मानत नाही. कास्तकाराच्या पोरानं जन्मभर कापसाच्याच भावाची गणितं का सोडवावीत? उणे एकाच्या वर्गमुळावर त्याचाही हक्क आहे. बापाच्या नावावर पाच एकर आहे म्हणून त्याच्या डोक्याला धुरा, म्हणजे बांध, घालायचा अधिकार मला नाही.

आणि तिथंही ताळा आहेच. एक्सचा वर्ग वजा चार एक्स अधिक तेरा बरोबर शून्य. मुळं येतात २ अधिक-उणे ३ आय. आय हा कुणी पाहिला नाही, पण त्याला परत समीकरणात घाला. वर्ग केला की उणे ५ अधिक १२ आय. चारपट वजा केली की उणे ८ उणे १२ आय. तेरा मिळवा. बारा आय बारा आयला घेऊन जातात, उणे तेराला तेरा घेऊन जातात, हाती शून्य उरतं. मागे एका मुलीनं हे पहिल्यांदा केलं आणि ती तोंडावर हात ठेवून हसली. दप्तरात वही भरतानाही हसत होती.

थ्री फेजची गोष्ट मला एका पोरानं शिकवली. डिसेंबरचे दिवस, हरभऱ्याला पाणी सुरू. लाईन रात्रीची असायची, म्हणून तो बापासोबत रात्री ओलिताला जायचा आणि सकाळी पहिल्या तासाला डुलक्या घ्यायचा. एक दिवस जागा होता. म्हणाला, ‘सर, डीओचा फ्यूज उडाला, एक फेज गेला, दोन चालू होते. मोटर सुरूच होती, घुं-घुं करत. बाबा तिकडच्या धुऱ्यावर होते. जळाली. दोन फेज होते तर जळाली कशी?’

मला त्या दिवशी सांगता आलं नाही. गावातल्या वायरमनला विचारलं, पुस्तकं काढली आणि चार दिवसांनी फळ्यावर तीन लाटा काढल्या. साइनच्या लाटा, सेकंदाला ५० वेळा वर-खाली होणाऱ्या, एकमेकींच्या १२० अंश मागे. मग विचारलं, कोणत्याही क्षणी तिन्हींची बेरीज किती? कोन ३० धरा: अर्धा, १५० चा अर्धा, २७० चा उणे एक. शून्य. कोन ९० धरा: एक, उणे अर्धा, उणे अर्धा. शून्य. पण दोन-चार कोनांवर जुळलं म्हणजे सगळ्यांवर जुळेल का? तिथं बेरजेचं सूत्र लागतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या लाटेची बेरीज सूत्रानं केली की पहिलीच लाट उणे चिन्ह घेऊन येते. दोन ओळींची सिद्धता. ‘नित्यसमानता सिद्ध करतो’ हे माझ्या रकान्यातलं वाक्य त्या सकाळी पोरांनी पहिल्यांदा नीट ऐकलं असं मला वाटतं.

तिन्ही फेज मिळून मोटरीत फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार करतात आणि ओझं सारखं वाटून घेतात. एक गेला आणि मोटर तेवढंच पाणी ओढत राहिली, तर उरलेल्या दोन तारांतला प्रवाह ढोबळमानानं वर्गमूळ तीन पट, म्हणजे सुमारे १.७३ पट होतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. वर्गमूळ तीनचा वर्ग? ‘तीन,’ सगळा वर्ग म्हणाला. गुंडाळीत तिप्पट उष्णता. ते पोरगं मान खाली घालून वहीत लिहीत होतं. मोटर पुन्हा भरून आणायला घरचे हरभऱ्याचे पैसे गेले होते. त्यानंतर त्यानं बापाला फेज गेला की मोटर आपोआप बंद करणारं यंत्र बसवायला लावलं. तसं यंत्र बाजारात मिळतं, पण ते का बसवायचं हे त्या घरात आता एकाला तरी नीट माहीत होतं.

आणि ही दुसरी गोष्ट, जी आठवली की मी अजून अस्वस्थ होतो. श्रेढी शिकवत होतो. जुन्या काळची दीडी सांगितली. पेरणीच्या वेळी एक पोतं ज्वारी घ्यायची, सुगीला दीड द्यायची. नाही फिटली तर दीडाचीही दीडी. चार हंगामांत एका पोत्याची पाच होतात, वर थोडी उरतात. पोरं आजोबांकडून ऐकून होती. तास संपल्यावर एक मुलगी थांबली आणि तिनं दप्तरातून एक पिवळं कार्ड काढलं. आईनं गटातून घेतलेल्या कर्जाचं. तीस हजार रुपये, महिन्याला २,८०० चा हप्ता, बारा हप्ते. आईला सांगितलं होतं, व्याज बारा टक्के. तिनं हिशेब केला होता: बारा हप्त्यांचे ३३,६००, म्हणजे व्याज ३,६००, तीस हजारांवर बारा टक्केच होतात. ‘मग सर, मले हे चुकीचं का वाटून रायलं?’

मी तिला उत्तर सांगितलं नाही. एवढंच विचारलं, सहाव्या महिन्यात आईकडं किती पैसे होते? ती थांबली. ‘अर्धेच. बाकी परत गेले होते.’ मग व्याज कशावर घेतलं?

दुसऱ्या दिवशी तिनं आणि मी मिळून गुणोत्तर श्रेढी मांडली. दर महिन्याला हप्त्याची किंमत व्याजाइतकी मागे सरकवायची, बारा पदं, सूत्रानं बेरीज, ती आली पाहिजे तीस हजार. दर अज्ञात. तो थेट काढता येत नाही, अंदाजानं टाकून बघावा लागतो. मोबाइलवर बसली. महिना दीड टक्का धरला तर हप्ता यायला हवा २,७५०. दोन टक्के धरले तर २,८३७. मधे कुठंतरी. १.८ ला आला २,८०२. म्हणजे महिन्याला १.८ च्या जरासं आत, वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास. बारा नव्हे.

तिनं ते तीन वेळा करून पाहिलं. मग वहीच्या उजव्या कोपऱ्यात, मी न सांगता, ‘ताळा’ असा शब्द लिहिला, आणि पहिल्या महिन्यापासून बाकी, व्याज, हप्ता असं खाली खाली उतरवत बारावा महिना शून्यावर आणला.

तोवर आईचे सात हप्ते भरून झाले होते. पैसे काही परत मिळाले नाहीत, पुढचे पाचही भरलेच. पण पालकसभेला ती बाई आली तेव्हा तिच्या हातात पोरीची वही होती. मला म्हणाली, ‘सर, मले पयलेपासूनच वाटे. पन दाखवता येत नव्हतं.’

मी तिच्यापुढं काय बोललो ते आठवत नाही. घरी येताना बाबांचा ‘असन’ आठवला.

बारावीचा बोर्डाचा लेखी पेपर ८० मार्कांचा. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत. एका प्रश्नाला दोन मिनिटंही येत नाहीत, ताळा करायला वेळ कुठून आणायचा? शहरातल्या क्लासला जाऊन आलेली पोरं मला सांगतात की तिकडं पर्याय उलटे टाकून उत्तर काढायला शिकवतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. पर्याय उलटा टाकून बघणं हाही ताळाच, फक्त तिथं चार उत्तरं कुणीतरी आधी छापून दिलेली असतात. पिवळ्या कार्डावर पर्याय छापलेले नव्हते.

यंदाची टाचणवही मी परवा भरली. त्रिकोणमितीसमोरच्या रकान्यात नेहमीची क्रियापदं लिहिली आणि खाली थोडी जागा उरली होती तिथं आणखी एक ओळ घातली: विद्यार्थी शिक्षकाला न विचारता आपलं उत्तर तपासतो. वही सहीसाठी प्राचार्यांच्या टेबलावर गेली आणि सही होऊन परत आली. त्या ओळीबद्दल कुणी काही विचारलं नाही.

दिवाळीनंतर अकरावीला टाकीवर न्यायचं आहे. कोनमापक जमवले आहेत. शिडीला पायऱ्या किती आहेत हे मात्र मी यंदा कुणाला सांगितलेलं नाही.